अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत

मलकपेठेत ब्लाऊज शिवणाऱ्या त्रिवेणीबाईंचं पहिलं मूल पाठीवर उघडी जखम घेऊनच जन्मलं. चार दिवसांत गेलं. सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि कुणाच्या तरी लग्नाची घाई म्हणून त्यांनी त्या दिवशी कात्री चालवली होती. सासूने, तारामतीबाईंनी, सगळा दोष त्या कात्रीला दिला. पुढे दोन मुली झाल्या, धडधाकट. तरी तीस वर्षं त्रिवेणीबाई स्वतःलाच गुन्हेगार समजत आल्या.

गेल्या वर्षी वरच्या खोलीत पुण्याची मृण्मयी राहायला आली, मेडिकलच्या पहिल्या वर्षाला. गर्भाची मज्जासंस्था कशी घडते, ते तिला काही केल्या कळेना. एका दुपारी ती पुस्तक घेऊन मशीनपाशी येऊन बसली. गर्भाच्या पाठीवर आधी सपाट पट्टी असते, तिने वाचून दाखवलं. मग कडा उचलल्या जातात, जुळतात आणि नळी होते. वर मेंदू, खाली मज्जारज्जू.

कडा जुळायला कुठून लागतात, त्रिवेणीबाईंनी विचारलं. मानेपासून, मग दोन्हीकडे, असं कळल्यावर त्यांनी अस्तराची पट्टी घेतली, कडा जुळवून मधोमध टाका घातला आणि वर-खाली शिवत गेल्या. मृण्मयी बघतच राहिली. खालच्या टोकाशी त्यांचा हात थांबला.

"हे उघडं राहिलं तर?"

"पाठीत जखम राहते, काकू."

"आणि बंद कधी होतं हे?"

"गर्भ राहिल्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. तेव्हा आईला बऱ्याचदा दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं."

"मग सातव्या महिन्यातली कात्री?"

"कात्रीचा काही संबंध नाही. जे व्हायचं ते कधीच होऊन गेलेलं असतं."

त्रिवेणीबाई पट्टी घेऊन आत गेल्या आणि पंचाऐंशीच्या सासूला त्यांनी सगळं समजावलं. म्हातारीने शिवणीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मी चुकले गं." त्रिवेणीबाई तिथेच खाली बसून पोटभर रडल्या. त्या दिवशी जेवताना मात्र दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मृण्मयी पास झाली. तिच्या कॉलेजातल्या अलका मॅडमनी ती पट्टी पाहिली आणि त्रिवेणीबाईंनाच वर्गावर बोलावलं. सातवी शिकलेल्या बाई दीडशे मुलांसमोर उभ्या राहिल्या आणि आपल्या दखनी हिंदीत बोलत टाके घालत गेल्या. बाळ हवं असेल त्या बाईने फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आधीपासूनच घ्याव्यात, हेही मॅडमना विचारून ठासून सांगितलं. टाळ्या थांबेनात. मागच्या बाकावरून कुणीतरी पुन्हा एकदा दाखवा म्हणालं.

"नक्को," त्रिवेणीबाई हसल्या आणि सुयांचं पाकीट पुढच्या बाकावर ठेवलं. "अब तुम सियो."