भुताच्या दारातली रांगोळी

बिलोलीजवळच्या शेतातल्या बंद घरात आम्ही तुटपुंज्या पैशांत भुताचा सिनेमा काढत होतो. शेजारची एक बाई रोज सकाळी पदर खोचून यायची, मी डिंकाने चिकटवलेली जळमटं झाडायची आणि उंबऱ्यापुढे सडा-रांगोळी करायची. दिग्दर्शक हात जोडायचा, "मावशी, रांगोळी नको!"

"बिनरांगोळीचं दार? घरात कुणी मेलंय म्हनतील की, बाबा!"

मेलंय म्हणूनच भूत आहे, हे तिला काही पटेना. शेवटच्या दिवशी रांगोळी पुसायची आम्हीच विसरलो.

नांदेडला सिनेमा दाखवला तेव्हा लोक भुताला चक्क हसले. मग त्या ओसाड घराच्या दारात ताजी रांगोळी दिसली आणि सगळे चिडीचूप झाले. आम्ही आग्रहाने आणलेली ती बाई माझ्या शेजारीच होती. तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

"आता कसं," ती म्हणाली, "मानसं ऱ्हात्यात असं वाटायलंय."