आई पण सुनंदाच्या रांगेत

मंडळी, खोटं कशाला बोलू, आज संध्याकाळपासून मी नुसती जळून राहिले आहे.

महाल भागातल्या आमच्या गच्चीवर शेजाऱ्यांना चंद्र दाखवायचा होता. माझी डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी बैठकीवर हातानं फिरवायची दुर्बीण होतीच. काटोलची मैत्रीण सुनंदाही अगदी तशीच घेऊन आली. फरक फक्त खालच्या लाकडी बैठकीचा. तिनं ती घरीच खोलली, फिरत्या फळीला गुळगुळीत सनमायका लावला आणि त्याखाली टेफ्लॉनचे तुकडे बसवले. आता तिची दुर्बीण एका बोटानं सरकते. माझी आधी अडते, मग झटक्यात पुढे जाते आणि चंद्र गायब!

थोड्याच वेळात सगळी रांग तिच्याकडे. त्यात माझी आई!

"आई, तू काहून तिकडे?"

"तुह्या दुर्बिणीत चंद्र थांबतच नाही वं, मी काय करू?"

सुनंदा हसली नाही. हळूच म्हणाली, "रविवारी येते. तुह्या बैठकीलेही लावून देते."

मी ताडकन म्हटलं, "नको, माझी ठीक आहे."

ती गेली आणि मला माझाच राग आला. पण तिला फोन काही करवत नाही.

तुम्हीच सांगा, जिचा हेवा वाटतो तिलाच 'ये' म्हणताना जीभ एवढी जड काहून होते?