टेपवरचा भोंगा

ही गोष्ट सांगायची मी कित्येक वर्षं टाळली. विषय निघाला की मी चहा मागवायचो, नाहीतर कुणाच्या तरी गुडघ्यांची चौकशी करायचो. पण मध्यंतरी परळला माझ्यासमोर एका गेलेल्या माणसाची टिंगल झाली आणि मी खांद्यावर शाल घेऊन ती ऐकत बसलो. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

एका बंद गिरणीच्या आवारात आता मोठं हॉटेल झालंय. तिथे गिरणगावातल्या जुन्या रॉक बँडवर कार्यक्रम होता. भिंतीवर शोभेला मागातले धोटे टांगलेले, वेटरच्या अंगात कामगारांसारखे निळे सदरे, मागच्या पडद्यावर धुराडी. गाण्यांचा क्रम, दिवे, पडद्यावरची चित्रं, सगळं कॉम्प्युटरला बांधलेलं. गायकाने कुठल्या ओळीला गहिवरायचं तेसुद्धा ठरलेलं. आमच्या बँडपैकी मी हाताशी सापडलो म्हणून माझा सत्कार. निवेदक पोरगा माइकवर म्हणाला, "यांचा गिटारवाला एवढी टाकून आला होता, की वाजवता वाजवता डायरेक्ट पब्लिकमध्ये! याला म्हणतात रॉक, बॉस!" लोक खदखदून हसले.

त्या पोराला काय बोलणार? त्याला ही थाप आयती मिळाली. ती पहिल्यांदा मारली मी.

मी फणसवाडीतला, कारकुनांच्या घरातला, स्वतःही विम्याच्या कचेरीत चिकटलेला. बँडमध्ये की-बोर्ड वाजवायचो. गिटारवाला लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर. त्याने हात बसवला तो गणपतीच्या मिरवणुकीत, बेंजो पार्टीत. मिरवणुकीत कुठलं गाणं कधी हे कोण ठरवणार? बेंजोवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघतो. पाय जड झाले की चाल उतरवतो, पोरं पेटली की चढवतो. गिटार हातात आली तरी त्याची ही सवय गेली नाही. स्टेजवर यायचा, एक तार छेडायचा, समोर कोण बसलंय ते बघायचा आणि मग वळून आम्हाला फक्त पट्टी सांगायचा. गाणं कुठलं ते आम्हाला पहिल्या सुरांवरून कळायचं.

मला ते सहन व्हायचं नाही. मी गाण्यांची यादी करून त्याच्या पायाशी चिकटवायचो आणि तो तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा.

"कारकुना," तो म्हणायचा, "गाणी म्हणजे काय फायली आहेत, नंबर टाकून लावायला?"

"आणि समोरच्यांना नाही आवडलं तर?"

"तर बदलू. ते आलेत कशाला मग?"

ठरवून केलेलं सगळंच वाईट, असं मी म्हणत नाही. नाटक ठरवूनच होतं. पण समोर माणसं बसली काय आणि रिकाम्या खुर्च्या असल्या काय, ज्याचं काहीच बिघडत नाही त्याला कार्यक्रम कसं म्हणायचं? आज हे मी तावातावाने लिहितोय. तेव्हा मी नेमका उलट्या बाजूला होतो.

गिरण्यांच्या संपाला वर्ष उलटून गेलं होतं. त्याच्या घरी चूल कशी पेटायची ते मी डोळ्यांनी पाहत होतो. त्याचा थोरला भाऊ संपातच हातभट्टीला लागला आणि त्यातच गेला. तेव्हापासून कुणी दारूचं नाव काढलं तरी वडिलांनी ताट सरकवून उठावं, अशी त्या घराची गत. हा तर आधीपासूनच थेंबाला शिवत नव्हता. हे मला माहीत होतं. पुढे मी जे केलं ते हे माहीत असताना केलं.

तेव्हा मला एक कल्पना सुचली: गिरणीच्या एका दिवसावर सलग कार्यक्रम. सकाळच्या भोंग्यापासून सुट्टीपर्यंत, एकामागून एक गाणी, मध्ये टेपवर साच्यांचा खडखडाट, लाल दिवे. सुटिंग-शर्टिंगच्या एका कंपनीने पाठबळ दिलं. म्हणजे गिरण्या बंद, कामगार उपाशी आणि त्यांच्यावरचा कार्यक्रम कापडवाल्यांच्या जिवावर! यात काही विपरीत आहे असं मला वाटलं नाही. कंपनीच्या शिंप्याने आम्हाला कामगारांचे बनियन शिवून दिले आणि शिवल्यावर कात्रीने फाडून दिले.

गिटारवाल्याने बनियन हातात धरून बघितला. "माझा बाप फाटकं घालून कामाला नाही जायचा रे. आई आदल्या रात्री शिवून ठेवायची."

"स्टेजवर दिसायला पाहिजे ना," मी म्हणालो.

त्याने बनियन घडी करून पिशवीत टाकला. वाजवायला मात्र आला, माझ्या शब्दाखातर.

परळच्या सभागृहात प्रयोग लागला. पुढच्या रांगांत कंपनीचे पाहुणे, मागे चाळीतली माणसं, कारण फुकट पास आम्हीच वाटले होते. त्याचे वडीलही मागेच होते. पहिली गाणी नीट झाली. मग काळोख झाला आणि टेपवरचा भोंगा वाजला.

कामगारांपुढे भोंगा वाजवला की टाळ्या पडतील, असं मला वाटलं होतं. ज्यांच्या गिरणीचा भोंगा वर्षभर मुका होता, त्यांच्या कानावर तो अचानक घातल्यावर काय होईल, याचा विचार आमच्यापैकी एकानेच केला असता आणि त्याला मी विचारलंच नव्हतं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या. कुणीतरी ओरडलं, "बंद करा रे तो!" एक बाई मोठ्याने रडायला लागली. टेप काही थांबेना. भोंगा संपून साचे सुरू झाले. यावर आम्ही जलद गाणं उचलायचं होतं.

त्याने ते उचललं नाही. तो पुढे झाला आणि विसर्जनाची एक चाल अगदी संथ वाजवू लागला. मिरवणूक चौपाटीला पोचल्यावर, सगळे दमलेले असताना वाजवतात तशी. मागची माणसं हळूहळू बसली. टाळी धरली. ती बाईसुद्धा गुणगुणायला लागली. खालून माझ्या टेपवरचे साचे खडखडत होते आणि ते कुणालाच नको होते.

पुढच्या रांगेतल्या कंपनीच्या साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. विंगेतून साउंडवाल्याने हाताने विचारलं, काय करू? मी गळ्यावरून बोट फिरवलं.

गिटारचा आवाज गेला. त्याला वाटलं वायर निघाली. वाकून त्याने पिन दाबली, तार छेडली, पुन्हा दाबली. तोवर आम्ही जलद गाणं सुरू केलं होतं. मग त्याने आधी साउंडवाल्याकडे आणि नंतर माझ्याकडे बघितलं. त्याने गिटार खाली ठेवली आणि समोरच्या पायऱ्यांनी मागच्या माणसांकडे निघाला. अंधारात वायरीत पाय अडकून तो खाली पडला.

प्रयोगानंतर साहेबांनी विचारलं, "प्यायलाय का तो?"

मी "हो" म्हणालो.

एका शब्दात माझा कार्यक्रम वाचला. पुढचे प्रयोग दुसरा गिटारवाला घेऊन झाले, टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आले. त्याला मात्र कुठला बँड, कुठलं कॉलेज उभं करेना. दारुड्या म्हणून.

काही दिवसांनी त्याचे वडील फणसवाडीत आमचे जिने चढून आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"माजो झील पिता काय रे?" त्यांनी मुलाबद्दल विचारलं. "खरां सांग माका. एक गेलो तसो."

मी काय म्हणालो? "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका." एवढंच. ना 'हो', ना 'नाही'. कारकुनी उत्तर. ते मान हलवून उठले आणि मरेपर्यंत मुलाशी धड बोलले नाहीत. हे मला त्याच्या आईने सांगितलं, तेही माझ्यावर विश्वास ठेवून.

तो पुढे लालबागला मसाला कुटायच्या डंखावर लागला, मग स्वतःचा डंख घातला. वडील गेल्यावर एकदा मी ठरवून तिथे गेलो. डंखांचा दणदणाट, मिरचीने डोळ्यांना धार. मला बघून तो हसला आणि त्याने हात पुसून मशीन बंद केलं. रांगेतल्या बायका करवादल्या, "ओ भाऊ, बंद काय केलंत?"

"थांबा गं मावशी, मित्र आलाय लांबून," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "बोल, कारकुना."

मी म्हणालो, "मालवणी मसाला दे. अर्धा किलो."

त्याने मशीन पुन्हा सुरू केलं. मग मसाला बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही आणि आता तो नाही.

त्या दिवशी घरून पाठ करून नेलं होतं ते एवढंच होतं: आवाज मी बंद करायला लावला. तू प्यायला नव्हतास, आणि हे तुझे वडील मला विचारायला आले होते. मला माफ कर.