मामंजींची भाकरी आणि कुत्र्याचा भात

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, पुण्याला जाऊन सगळे दात एकाच दिवशी काढून घेतले. पुन्हा पुन्हा कोण जाणार, एवढंच त्यांचं म्हणणं. एसटी तेव्हा पिरंगुटापर्यंतच यायची, पुढं आमच्या रिहे गावापर्यंत पायपीट. डॉक्टरांनी सांगितलं, कवळी बसेपर्यंत तीन महिने मऊ खायचं: दुधात भिजवलेला पाव, साबुदाण्याची खीर, पेज. पाव आमच्याकडं मिळत नसे आणि साबुदाणा उपासाचा. राहिली पेज, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

पेज आमच्यात दोघांना देत, बाळंतिणीला आणि जाणाऱ्याला. मामंजींच्या थोरल्या भावाला पेज सुरू केली आणि आठव्या दिवशी ते गेले. त्यात पेजेचा काही दोष नव्हता, पण मामंजींना सांगणार कोण?

"मी काय मराय टेकलोय व्हय? मला भाकरीच वाढा," त्यांनी सासूबाईंना बजावलं. सासूबाईंनी वाढली. हट्टी माणसाबरोबर जन्म काढलेली बाई ती, वाद घालत नसे.

मामंजी पडवीत एकटेच जेवत. ताट परत यायचं ते लख्ख. आमच्या ह्यांच्या हिरड्या दगडाच्या हायेत, असं सासूबाई पाणवठ्यावर सांगत. मी घरातली नवी सून, भांडी घासायला मीच. मला दिसायचं की मामंजींचा सदरा ढिला होत चाललाय आणि पडवीतला कुत्रा मात्र फुगतोय. एकदा दाराआडून पाहिलं. मामंजी कालवण तेवढं बोटांनी चाटत होते आणि नाचणीची भाकरी तुकडा तुकडा करून कुत्र्याला घालत होते. आधी मला राग आला, मग रडू आलं. त्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर म्हातारं पेज न पिताच गेलं असतं.

पण बोलायचं कसं? सून सासऱ्याशी बोलत नसे. डोईवर पदर, नजर खाली, जे काय असेल ते सासूबाईंमार्फत. त्यांना सांगावं तर चोरी उघडी पडणार आणि दुसऱ्या दिवशी चुलीवर पेज. लेकी बोले सुने लागे, ही रीत मला चांगली ठाऊक होती. लेक काही हाताशी नव्हती, कुत्रा होता.

दुसऱ्या दिवशी मी ताट ठेवलं आणि कुत्र्याकडं तोंड केलं.

"ऐक रं. भाकरी तुझी. तिच्याखाली मऊ भात हाय, तो तुझा न्हाई."

मामंजी आढ्याकडं बघत राहिले. ताट नेहमीसारखंच लख्ख परत आलं. भात कुणी खाल्ला, कळायला मार्ग नव्हता. संध्याकाळी मी झाडत होते, तेव्हा मामंजी कुत्र्याला म्हणाले, मीठ कमी पडलं हुतं म्हणावं.

मग आमचं बरं जमलं. ताक घालून गुरगुट्या भात, कुस्करलेलं अंडं, रवीनं घोटलेला भोपळा, चुलीत भाजलेलं वांगं, सगळं भाकरीखाली. वांग्यात बिया फार, अशी कुत्र्याची एकदा तक्रार आली. मी वांगं बदललं. खालचं झाकायला भाकरी रोज मोठी थापावी लागे. एवढी मोठी भाकरी खातंय म्हातारं, नजर लागंल, म्हणून सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. कुत्र्यावरनं ओवाळल्या असत्या तर जास्त बरं झालं असतं.

कवळी आली. मामंजींनी सगळ्यांदेखत भाकरीची कड मोडून कटकन चावली. हिरड्यांचं कौतुक संपवून सासूबाईंनी दातांचं सुरू केलं. सगळे उठून गेल्यावर मी ताट उचलायला वाकले. मामंजी कुत्रा निजायचा त्या कोपऱ्यातल्या पोत्याकडं बघत होते.

"तुझ्यामुळं वाचलो बग," ते म्हणाले. "न्हाईतर गेलोच हुतो."

मी ताट घेऊन आत आले. पोतं रिकामं होतं. कुत्रा सकाळीच दिरांच्या मागं भातखाचरावर गेला होता.