अक्षराचे पाच गुण

लिमये बाई यंत्राशी बोलताना ‘अहो’ म्हणत. नववीच्या वर्गात ऋतुजाच्या बाकावर ठेवलेला टॅब्लेट मध्येच बोलू लागला की बाई खडू खाली ठेवून त्याच्याकडे वळत. “अहो, जरा थांबा. माझं व्हायचंय अजून.” एकदा मी विचारलं, यंत्राला एवढा मान कशाला? “ओळख नाही अजून आमची,” त्या म्हणाल्या. “अनोळखी माणसाला अरे-तुरे करायची पद्धत तुमच्या वर्तमानपत्रात असेल.”

वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी खडकीतल्या या शाळेच्या संगणक कक्षात आठवड्यातून तीन दिवस जात असे. शाळा रेल्वे स्टेशनच्या समोर आहे. बाई तिथे एकोणतीस वर्षं मराठी शिकवत होत्या. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं आणि त्याच वर्षी मी त्यांच्या वर्गात ते सॉफ्टवेअर नेलं. पुस्तकाच्या पानाचा फोटो घेतला की ते पान मोठ्याने वाचून दाखवत असे. आपण बोललो की ते टाइप करून देत असे.

ते ऋतुजासाठी होतं. तिचे वडील दारूगोळा कारखान्यात होते. मुलगी हुशार, पण छापील ओळ समोर आली की अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. तपासणी झाली होती, डॉक्टरांचा कागद होता. बाईंनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, “कागद बरोबर असेल. पण ऐकलेलं म्हणजे वाचलेलं नव्हे.”

बाईंच्या तासाची सुरुवात ठरलेली असे. हजेरीच्या क्रमाने रोज एकाने उभं राहून उतारा वाचायचा. मुलं सुटका करून घेण्यासाठी भरभर वाचत. मग बाई म्हणत, “सावकाश. स्टेशन समोर आहे, गाडी चुकणार नाही.” हे वाक्य पटावरच्या प्रत्येकाच्या वाट्याला येई. ऋतुजाच्या वाट्याला आलं नव्हतं. जूनमध्ये ती पहिल्याच ओळीत अडकली, वर्ग हसला, आणि तेव्हापासून तिचा क्रमांक आला की बाई “पुढचा” म्हणत. ती दया होती की घाई, हे बाईंनी कधी सांगितलं नाही.

यंत्राबद्दल मात्र त्या भरपूर सांगत. “तुमच्या ह्या बाई लग्न आणि मयत एकाच आवाजात वाचतात. रागावत नाहीत, दमत नाहीत. बँकेत लावा यांना.”

बाईंचा दुसरा नियम अक्षराचा. प्रत्येक पेपरात पाच गुण सुवाच्य अक्षराचे. ऑगस्टच्या चाचणीत ऋतुजाने संगणक कक्षात बसून उत्तरं बोलून लिहिली आणि छापून दिली. बाईंनी अक्षरासमोर शून्य मांडलं. त्या शून्यामुळे ती दोन गुणांनी नापास झाली. मी विचारायला गेलो.

“अक्षर कुठंय?” बाईंनी कागद माझ्यापुढे धरला. “हे छापखान्याचं आहे. छापखान्याला द्यायचे का गुण?”

मुख्याध्यापिकांनी मग सरळ अट घातली. सहामाहीत ऋतुजा मराठीत पास झाली तर सॉफ्टवेअर राहील. नाही तर टॅब्लेट परत, आणि तिने इतरांसारखं वाचायचं, लिहायचं. ऋतुजाने ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “सर, बाई अक्षराचे गुण देणारच नाहीत ना?”

सहामाही झाली आणि त्याच आठवड्यात बाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाचन आठ दिवस बंद. गठ्ठा दुसऱ्या शिक्षिकेकडे द्यावा, असं मुख्याध्यापिकांनी सुचवलं. “माझे पेपर? टूथब्रश देते का मी कुणाला?” बाई म्हणाल्या आणि मला निरोप आला: यंत्र घेऊन घरी या.

उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. डाव्यातला मोतीबिंदू रांगेत उभा होता. बाईंनी सर्वांत वरचा पेपर घ्यायला सांगितलं. तो मुग्धाचा होता. मुग्धाचं अक्षर शाळेत प्रसिद्ध. फळ्यावरचा सुविचार वर्षभर तिच्याच हातचा. मी फोटो घेतला. यंत्राने तीन शब्द उच्चारले, एक आकडा म्हटला आणि ते थांबलं.

“काय झालं यांना?”

“हाताने लिहिलेलं यांना वाचता येत नाहीये, बाई.”

“पाचपैकी पाच देते मी हिला दरवर्षी.”

आम्ही आणखी सहा पेपर लावून पाहिले. यंत्राने एकही धड वाचला नाही. मग तळाशी ठेवलेला छापील पेपर मी काढला आणि कुणाचा ते सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. छापील एकच होता. यंत्र न अडखळता वाचू लागलं. निबंधाचा विषय ‘माझी शाळा’ होता. बाकीच्यांच्या शाळेत भव्य पटांगण होतं. हिच्या शाळेत गाडी आली की खिडकीची काच वाजत होती, डब्यांच्या वासावरून वार कळत होता, आणि ‘आमच्या मराठीच्या बाई रागावण्याआधी पदर नीट करतात, त्यामुळे आम्हाला गप्प बसायला वेळ मिळतो’ असं एक वाक्य होतं.

बाईंचा हात खांद्याकडे गेला होता. तो त्यांनी खाली घेतला.

“पुन्हा लावा.”

निबंध तीनदा झाला. मग त्यांनी एकेक उत्तर ऐकून गुण सांगितले, मी लिहिले. शेवटी मी विचारलं, “अक्षराचे?”

“पट्टी दिसत नाही का तुम्हाला? मला न दिसलेल्या गोष्टीला शून्य देता येत नाही.” मग म्हणाल्या, “ते पाच गुण काढून टाका. सगळ्यांचे. निबंधाला वाढवा.”

ऋतुजा चार गुणांनी पास झाली. बाकीचे पेपर बाईंनी आठ दिवसांनी भिंग घेऊन तपासले. मुग्धाचे वडील तक्रार घेऊन आले. “अहो बाई, आमच्या मुग्धाचं एवढं सुंदर अक्षर!”

“सुंदरच आहे,” बाई म्हणाल्या. “घरात लग्न निघालं की पत्रिका तिच्याकडूनच लिहून घ्या.”

ऋतुजाजवळ त्यांनी चाचणीच्या शून्याचा विषय काढला नाही. तो त्यांचा स्वभावही नव्हता. टॅब्लेटशी मात्र ‘अहो’ चालूच राहिलं.

एप्रिलमध्ये निरोपसमारंभ झाला. वर्गाचं मनोगत कुणी वाचायचं, हे बाईंनीच हजेरीपट मागवून ठरवलं. “हिचं वाचन जूनपासून राहिलंय,” त्यांनी क्रमांकावर बोट ठेवलं.

ऋतुजा एका कानात इयरफोन घालून उभी राहिली. यंत्र कानात तुकडा सांगे, ती तो मोठ्याने म्हणे. भीतीने तिने आवाजाचा वेग वाढवून ठेवला होता. दोन वाक्यं एका श्वासात गेली. मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. व्यासपीठावरच्या खुर्चीत बाईंनी पदर नीट केला. मुलांना गप्प बसायला वेळ मिळाला.

“ऋतुजा, सावकाश. स्टेशन समोर आहे, गाडी चुकणार नाही.”

“हो, बाई,” ऋतुजा म्हणाली. तिने वेग दोन घरं कमी केला आणि पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरुवात केली.