ओहोटीत भिरकावलेलं शेवाळ

किनाऱ्याच्या वळणापलीकडचे खडक बघायला आत्या निघाली होती. ओल्या वाळूवरून ती ताडताड पुढे आणि चपला हातात घेऊन भाची मागे. खडकच्या खडक तपकिरी, बुळबुळीत शेवाळाने झाकले होते. मोठ्या जहाजांच्या बुडाला चिकटून ते परक्या समुद्रातून आलं, असं लोक म्हणत.

"आलंय मेलं फुकटचं राहायला!" आत्या म्हणाली आणि थुंकली.

तिची हयात इथले शिंपले खरवडण्यात गेली. नवरा गेल्यावर दोन मुली तिने त्यावरच वाढवल्या, कुणापुढे पदर न पसरता. जीभ कोयत्याहून धारदार, त्यामुळे तिच्या वाटेला कुणी जात नसे. शेवाळाखाली शिंपले गुदमरायला लागले तेव्हा तिने कोयता काढला, शेवाळ कापकापून ओहोटीच्या ओढीत भिरकावलं. "जा, मर तिकडे!" चांगली पीडा टळली, असं तिला वाटलं.

पण ते मरत नाही. तुकडा जिथे अडकतो तिथे मूळ धरतो. तुकडे वळणापलीकडे जाऊन रुजले, आणि तिथले खडक होते धाकट्या जावेचे. दोघींचं बोलणं कधीच बंद झालेलं.

वळण घेतलं तर जाऊ कमरेवर हात ठेवून उभीच.

"आलात बघायला? मला उपाशी मारायचं होतं तर विष घालायचं होतंत, जाऊबाई!"

"विष महाग पडतं," आत्या म्हणाली. "हे मेलं कापलं की वाढतं, हे मला काय स्वप्न पडलं होतं?"

"तुम्हाला ठाऊक नाही असं काही आहे का जगात? मुद्दाम केलंत. माझ्या खडकावर पाय ठेवलात तर तंगडी मोडीन!"

भाचीने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. आता आत्या काय बोलेल याचा नेम नव्हता. पण आत्या खडकांकडे बघत राहिली. शिंपला औषधालाही दिसत नव्हता. ती मागे फिरली.

जाऊ दिसेनाशी झाल्यावर तिने भाचीचं मनगट धरलं.

"मुळासकट उपटून, वर नेऊन उन्हात वाळवलं तरच मरतं म्हणे. उद्या पोती घेऊन तू जा तिच्याकडे. तुला नाही हाकलायची. हाताने उपट, तुकडासुद्धा पाण्यात पडू देऊ नकोस. आणि हे बघ, मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. माझं नाव ऐकलं ना, तर ती बया खडक सडू देईल, पण तुला हात लावू देणार नाही. एवढं कर माझ्यासाठी."