सूप बाहेर ठेवून सिनेमा

आमच्या निपाणीत तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत दर रविवारी दुपारी सिनेमा दाखवतात. तिकीट नाही, सगळं हौशीनं चालतं. एक रिटायर मास्तर आहेत, त्यांना सगळे सर म्हणतात. ते आणि आणखी चार माणसं खिडक्यांना पोती लावतात, पडदा बांधतात आणि कुठले कुठले परदेशी सिनेमे आणतात. त्याला ते फिल्म सोसायटी म्हणतात. आम्ही बाया ‘वखारीतला’ म्हणतो.

माझं काम सांगायचं. म्हणजे असं की, पुढं सतरंजीवर बसतात त्या सगळ्या विड्या वळणाऱ्या. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. रविवार आहे म्हणून विड्या थांबत नाहीत. डोळे पानावर असले की पडद्याकडं कोण बघणार, आणि खाली येतात ती इंग्रजी अक्षरं कोण वाचणार? मग सर शनिवारी सगळी वाक्यं मराठीत वहीत उतरवून देतात, आणि मी पडद्याशेजारी स्टुलावर बसून सांगते. दोघी-तिघी कन्नड बोलणाऱ्या आहेत, त्यांच्यासाठी मधे मधे कन्नड. वहीत नसलेलंही थोडं जातं माझ्याकडून. एकदा एक बाई बराच वेळ नुसती खिडकीतून बाहेर बघत बसली. वहीत काही नाही. मी सांगितलं, “हिच्या घरात आज सैपाक झालेला न्हाय.” सगळ्यांना पटलं.

मागं खुर्च्यांवर पुरुष बसतात. त्यांना इंग्रजी वाचता येतं, असं ते म्हणतात.

तर मग बेंगळुरूहून पत्र आलं. असल्या हौशी सोसायट्यांना चांगल्या कामाचं बक्षीस देतात, सरांनी अर्ज केला होता. एक परीक्षक बघायला येणार होते. सर घरी आले, चहा घेतला आणि बशीकडं बघत म्हणाले, “आक्का, ह्या रविवारी तुम्ही नुसतं बसा.”

“मला काय झालंय?”

“तसं न्हवं. बाहेरचा माणूस येणार. सिनेमा शांततेत बघायचा असतोय.”

“आणि सुपं?”

“सुपं बाहेर.”

मी बरं म्हटलं. त्या शनिवारी वही आली नाही. मालक गेल्यापासून घरात मला कुणी काही विचारत नाही. भाजी कुठली करायची हेसुद्धा सून ठरवते, आणि बरोबर ठरवते. त्या स्टुलावर बसलं की मात्र “मग पुढं?” असं विचारणाऱ्या पुष्कळ. आता शांततेला बक्षीस मिळालं तर शांतताच कायमची होणार, एवढं मला कळत होतं.

रविवारी परीक्षक आले ते दारातच शिंकले. वखार रिकामी असली तरी तंबाखू भिंतीत असतो, नव्या माणसाला लागतोच. पुढं ते शिंकतच राहिले. बाया हात मांडीवर ठेवून फोटोला बसल्यासारख्या बसल्या. मी स्टूल सोडून त्यांच्या मागं, सतरंजीच्या कडेला बसले. सिनेमा सुरू झाला. एक म्हातारा डोक्यावर पेटी घेऊन चालला होता.

जरा वेळानं माझी शेजारीण मोठ्यानं म्हणाली, “मावशी, त्या पेटीत काय हाय?”

मी पदर सारखा केला.

“मावशी, दातखीळ बसली काय गं?”

“शांत बसा,” सर म्हणाले.

“बसलोय की सर. हात बी रिकामं, कान बी रिकामं. मग हितं आमी करायचं तरी काय?”

ती उठली, बाहेर गेली आणि सूप घेऊन आली. मग दुसरी उठली. मग सगळ्याच. सुपं आत आली आणि बाया पडद्याला पाठ करून माझ्याकडं तोंड करून बसल्या.

“हं, सांग आता.”

मी सरांकडं बघितलं. सर परीक्षकांकडं बघत होते. परीक्षकांचं तोंड रुमालात होतं. वही नव्हती, म्हणून मी मनानंच सांगायला लागले. पेटीत मेलेल्या बायकोची लुगडी आहेत, म्हटलं. एक-दोघींनी डोळे पुसले. शेवटी म्हाताऱ्यानं पेटी उघडली तर आत दगड.

“लुगडी वाटेत इकली,” मी म्हटलं.

बायांनी मान हलवली. परीक्षकांनी मात्र मागून कन्नडात विचारलं, कुणाला विकली? मीही कन्नडातच सांगितलं, बहिणीला. ते बरं म्हणाले आणि शिंकले.

महिन्यानं निकाल आला. पहिलं बक्षीस दुसऱ्या गावाला गेलं. आम्हाला दुसरं मिळालं, आणि खाली एक शेरा होता: सांगणाऱ्या बाईंचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, त्याचे गुण कमी केले आहेत. सरांनी तो तीनदा वाचला.

शनिवारी ते वही घेऊन आले. चहा घेतला आणि बशीकडं बघत म्हणाले, “आक्का, जरा मोठ्यानं सांगत जावा.”

मी म्हटलं, मागच्या रांगेनं पुढं येऊन बसावं. सतरंजीवर जागा आहे.